धुंडीआधीची सुई

मला होळी आवडत नाही. रंग कपड्यांवरून जात नाही आणि आरडाओरडा कानांतून जात नाही. तरीही गेली कित्येक वर्षे धुळवडीच्या सकाळी मी पांढरा सदरा घालून पुसदजवळच्या एका तांड्यावर जातो. पांढरा सदरा घालू नये, असे पत्नी दर वर्षी सांगते. मी तोच घालतो. संध्याकाळी ती तो माझ्या अंगावरून उतरवून घेते आणि धुण्यात न टाकता सरळ फडक्यांत टाकते. या विषयावर आमच्यात चर्चा होत नाही.

तांड्याचा नायक माझा मित्र आहे. मी पुसदच्या न्यायालयात शिरस्तेदार होतो आणि तो बांधाच्या एका दाव्यातला पक्षकार. दावा चालू होता तोवर मी त्याच्या हातचा चहा घेतला नाही. निकाल लागला त्या दिवशी तो थर्मास घेऊन आला आणि तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी येतो. आम्ही दोघेही आता पंच्याहत्तरीच्या पलीकडे आहोत. तो बोलतो, मी ऐकतो. मैत्रीला इतके पुरते.

त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. आता तांडा एका जागी वसला आहे. कापूस आणि तूर पिकवतो. आपसांत ही मंडळी गोरबोली बोलतात, माझ्याशी वऱ्हाडी. नायक हा तेथला प्रमुख. त्याचा शब्द मोडता येतो. पण मोडणाऱ्याला चारचौघांत कारण सांगावे लागते. न्यायालयातही याहून फारसे निराळे नसते.

तांड्याच्या होळीत एक गोष्ट मात्र मला आवडते. ती म्हणजे धुंड. मागल्या होळीनंतर जन्मलेल्या बाळाला धुळवडीच्या दिवशी सर्वांसमोर आणतात. नात्यातले कोणीतरी, बहुधा मामा, त्याला मांडीवर घेऊन बसते. बाळाच्या डोक्यावर एक काठी आडवी धरतात आणि भोवती जमलेले पुरुष त्या काठीवर आपापल्या काठ्या तालात आपटत आशीर्वादाचे गाणे म्हणतात. एवढ्या गलबल्यात काही बाळे भोकाड पसरतात, काही खुशाल झोपतात. धुंड पहिल्या होळीलाच होते. ती चुकली की चुकली.

गेल्या माघातली गोष्ट. नायक बाजाराच्या दिवशी आला, पण थर्मास आणला नव्हता. यावरून प्रकरण गंभीर आहे, हे मी ताडले.

"सायेब," तो ओट्यावर बसत म्हणाला, "यंदा धुंड व्हते का नाही, सांगता येत नाही."

धुंड त्याच्या नातवाची होती. धाकट्या मुलाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला हा मुलगा. दिवस भरायच्या आत जन्मला, काचेच्या पेटीत राहिला आणि मुठीएवढा घरी आला. आता पाच महिन्यांचा होता आणि हसू लागला होता. त्याच्या हसण्याचे वर्णन मी दर बाजाराला ऐकत असे.

"काय झाले?"

"बाजूच्या तांड्यात गोवर निघाला. नर्सबाई म्हने, नऊ महिन्यांच्या आत बाळाले गोवराची सुई देता येत नाही. तोवर भोवतालच्या लेकरांनी घेतलेली असली तरच बाळ सुखरूप. सुनेनं ते ऐकलं अन् दाराले कडी लावली. म्हने, तांड्यातल्या समद्या लेकरांची सुई झाल्याशिवाय मी बाळाले उंबऱ्याबाहेर आनत नाही. धुंड गेली तं गेली."

"तिचे म्हणणे बरोबर आहे."

"मले मालूम हाय बरोबर हाय. पन बाळ नसन तं धुंड कोनाची करू? माही?"

अडचण अशी होती. बहुतेक मुलांचे डोस झाले होते. परंतु काहींचा दुसरा डोस राहिला होता, ऊसतोडीला गेलेल्या काही घरांचे दोन्ही राहिले होते आणि ती माणसे होळीसाठी परतू लागली होती. शिवाय एक घर साफ नाही म्हणत होते, आणि ते घर नायकाच्या सख्ख्या पुतण्याचे होते. सुई लागू पडायला दोन आठवडे तरी हवेत, म्हणून नर्सबाईंनी होळीच्या बऱ्याच आधीचा एक दिवस तांड्याच्या अंगणवाडीसाठी ठरवला होता.

"तुमी येता का?" नायक म्हणाला. "नसाब बसवतो. तुमी कायदा सांगा. कोर्टाच्या मानसानं सांगतलं का लोक ऐकतेत."

नसाब म्हणजे तांड्याची बैठक. मी गेलो. चिंचेखाली सतरंजी होती, माझ्यासाठी खुर्ची होती. मी उभा राहून बोललो. कायदा सांगायचा तर पूर्ण सांगावा, अर्धा सांगू नये, हा माझा आयुष्यभराचा नियम. म्हणून मी प्रथम सांगितले, की लस घ्यावी की न घ्यावी हा प्रत्येकाचा स्वतःचा निर्णय आहे. मुलांच्या बाबतीत तो आईवडिलांचा आहे. कोणावरही सक्ती करता येत नाही आणि लस न घेणाऱ्या घराला वाळीत टाकणे हा गुन्हा आहे. त्यानंतर मी "तथापि" म्हणालो आणि सामाजिक जबाबदारीकडे वळलो. दुसऱ्याच्या मुलाला आपल्या मुलामुळे अपाय होऊ न देणे, हे कायद्यात लिहिलेले नसले तरी शेजारी म्हणवणाऱ्याला चुकत नाही, अशा आशयाचे पाऊण तास बोललो. माझ्या मते भाषण उत्तम झाले.

नर्सबाईंचा फोन दुसऱ्या दिवशी आला. त्या या भागात अनेक वर्षे काम करतात आणि मला काका म्हणतात. त्या दिवशी काका म्हणण्याची पद्धत निराळी होती.

"काका, तुम्ही काय सांगून आलात तांड्यावर?"

"जे खरे आहे ते."

"सगळा तांडा म्हणून राह्यला, कोर्टाच्या सायबानं सुई बंद केली! जे हो म्हणत होते तेही आता बसले घरात. एक आजी मले म्हणते, बाई, तुझा सुईचा डबा घेऊन जा, नाही तं तुले जेल होईन!"

"मी 'तथापि'ही म्हणालो होतो."

"तथापिपर्यंत कोण थांबलं? अर्धे लोक 'सक्ती नाही'ला टाळ्या वाजवून चहाले उठले होते."

टाळ्या मला आठवत होत्या. मी त्यांचा अर्थ निराळा लावला होता. न्यायालयातला माणूस दोन्ही बाजू मांडतो, हे न्यायालयात सर्वांना ठाऊक असते. तांड्यावर न्यायालयाचा माणूस बोलतो म्हणजे निकाल लागतो, आणि निकालाचे पहिले वाक्य ऐकले की लोक उठतात. माझे म्हणणे आजही मला चूक वाटत नाही. फक्त त्याचा क्रम उलटा हवा होता.

त्याच दुपारी मी पुन्हा तांड्यावर गेलो. बोलावणे नव्हते. नायकाने मला पाहिले, हसू दाबले आणि म्हणाला, "चला, आता पुतन्याकडे जाऊ. पन तुमी तोंड उघडू नका."

पुतण्या कोळशाचा ट्रक चालवतो. वणीच्या खाणींवर त्याच्या फेऱ्या असतात. दोन मुली आणि एक मुलगा. तिघेही त्याच्या अंगाखांद्यावर चढलेले, आणि सर्वांत धाकटी तर चहाचा कप त्याच्या तोंडाशी नेऊ देत नव्हती. माणूस दांडगा, आवाज मऊ. त्याने आम्हाला बाज टाकून दिली आणि मला म्हणाला, "सायेब, मस्त बोलले तुमी. माही बाजू इतकी चांगली मले बी मांडता नसती आली."

मी तोंड उघडले नाही.

"बेटा," नायक म्हणाला, "आपले बुढे मीठ वाहत, तवा तांडा कोनाच्या चालीनं चाले?"

"कोनाच्या?"

"लंगड्या बैलाच्या. मजबूत बैल पुढे निघून गेला का मागच्याले वाघ खाये."

"काका, आता बैल नाहीत. ट्रक हायत."

"तुह्या ट्रकले बी घाटात पुढच्या गाडीमागं रांगावं लागते का नाही?"

"लागते," पुतण्या हसला. मग हसणे ओसरले. "काका, मी काही येडा नाही. मोठीले लहानपनी त्रिगुणी सुई देल्ली व्हती, त्या रातच्याले तिले ताप भरला. झटके आले. मी खाणीवर, कोळशाच्या लायनीत उभा. पुढे गाड्या, मागे गाड्या. फोनवर बायको रडे अन् माहा ट्रक ना पुढे सरके ना मागे. पोरगी वाचली. पन मी तवाच ठरवलं, आता नाही. माही लेकरं हायत. सुई द्याची का नाही द्याची, मी ठरवीन. सायबानं बी तेच सांगतलं."

त्याची भीती अडाणीपणाची नव्हती. ती एका बापाची होती, आणि ज्या रात्री तो मुलीजवळ नव्हता त्या रात्रीची होती. कायदा त्याच्या बाजूने होता, आणि तो त्याला मीच शिकवला होता.

मला वाटले, नायक आता रागावेल. तो उठला, धोतर झटकले आणि निघता निघता म्हणाला, "बरं. एक काम सांगाचं राह्यलं. धुंडीत बाळ तुह्या मांडीवर बसन."

पुतण्याचा हात हवेतच राहिला. "माह्या? अन् त्याचे मामा?"

"मामा पाहतीन उभे राहून. मी ठरवलं. काचेच्या पेटीत व्हतं तवा दवाखान्यात त्याच्या बापासंग रात्री कोन बसला? तू. मंग मांडी तुहीच."

वाटेत मी नायकाला विचारले, "हा डाव होता?"

"डाव कायचा, सायेब? बाळ कोनाच्या तरी मांडीवर बसाचंच हाय."

परतीच्या ऑटोची वाट पाहत मी नायकाच्या अंगणात बसलो होतो, तेव्हा पुतण्या मागोमाग आला. धाकटीला खांद्यावर बसवून आणले होते. ज्याला मांडीवर घ्यायचे, त्याला एकदा पाहून घ्यावे, असे त्याला वाटले असावे. सून दारात आली. बाळ तिच्या कडेवर होते. आरशांची टोपी घातलेले, लाळ गाळणारे, आणि माझ्याकडे पाहून कारण नसताना हसणारे. वर्णन अतिशयोक्त नव्हते, हे मला मान्य करावे लागले.

पुतण्याने दोन्ही हात पुढे केले. खांद्यावरच्या धाकटीनेही केले, आणि ती खोकली.

सून एक पाऊल मागे सरली.

"भाऊजी, तिथूनच पाहा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमच्यावर राग नाही माहा. पोरगी खोकलून राह्यली, अन् बाजूच्या तांड्यात गोवर हाय. मले याले अजून चार महिने सांभाळाचं हाय. तुमी तुमच्या लेकरांचं ठरवलं. मी माह्या लेकराचं ठरवलं."

पुतण्याने हात खाली घेतले. दांडग्या माणसाचे रिकामे हात फार मोठे दिसतात. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने बाळाला दोनदा चुटकी वाजवून दाखवली आणि गेला. मुलीचा खोकला साधा होता, हे पुढे कळले. त्या संध्याकाळी ते कोणालाच ठाऊक नव्हते.

लस घेणे ही वैयक्तिक निवड की सामाजिक जबाबदारी, असे मला कोणी विचारले असते तर मी दोन्ही बाजूंनी तासभर बोललो असतो. त्या उंबऱ्यावर दोन माणसांनी आपापली निवड केली होती, दोन्ही कायदेशीर होत्या आणि त्यांच्यामध्ये एक बाळ होते, ज्याला निवडच नव्हती. याहून अधिक स्पष्ट युक्तिवाद मी कोणत्याही न्यायालयात ऐकला नाही.

सुईचा दिवस आला. नर्सबाईंनी मला सकाळीच बोलावून घेतले होते.

"काका, अंगणवाडीच्या दारात खुर्ची ठेवली आहे. तुम्ही बसा. बोलू नका. कोर्ट दारात बसलेलं दिसलं पाहिजे, बस."

मी बसलो. मी इस्त्रीचा कोट घातला होता. त्याचा परिणाम मोठ्यांवर अपेक्षेप्रमाणे झाला. कोर्ट स्वतः सुईजवळ बसले आहे म्हटल्यावर एकेक घर बाहेर पडले. मुलांवर परिणाम निराळा झाला. ती सुईपेक्षा मला अधिक घाबरली. एका मुलाने सुई न रडता घेतली आणि दारातून जाताना माझ्याकडे पाहून रडायला सुरुवात केली. त्यानंतर नर्सबाईंनी मला गोळ्यांची पिशवी धरायला दिली. जो येई त्याला मी एक लिमलेटची गोळी देत असे. तांड्यातली एक आजी, जिने जेलची भीती घातली होती, ती नातवंडांना घेऊन आली आणि हात पुढे करून म्हणाली, "मले बी दे. मी बी भेली." मी दिली.

दुपारपर्यंत ऊसतोडीवरून आलेल्यांच्या मुलांनीही सुई घेतली. नायक रस्त्याकडे पाहत होता आणि आपण पाहत नाही असे दाखवत होता. नर्सबाईंनी निळ्या डब्याचे झाकण लावायला घेतले.

"ताई, डबा बंद करू नका!"

पुतण्या येत होता. एक मूल खांद्यावर, एक कडेवर, मोठी बोट धरून. मागे त्याची बायको होती, तिच्या हातात पाण्याची बाटली आणि ओल्या फडक्याची घडी. तयारी पाहता तो ताप यायच्या आधीच ताप उतरवायला निघाला होता.

"ताप येईन का?" त्याने नर्सबाईंना विचारले.

"येऊ शकतो. आठवड्यानंतर थोडासा. औषध देते. कधीही फोन करा."

"माहा ट्रक उभा केला मी. ताप येऊन जाईपर्यंत वणीचं तोंड नाही पाहत. यावेळेस मी घरी राहीन." मग तो माझ्याकडे वळला. "सायेब, सक्ती नाही ना?"

"नाही."

"मंग लिहून ठेवा, मी माह्या मर्जीनं आलो."

मोठीने सुई घेतली आणि ओठ आवळून बापाकडे पाहिले. रडली नाही. बापाने तोंड फिरवले. धाकटीने मात्र सगळ्यांच्या वाटचे रडून घेतले आणि माझ्याकडून दोन गोळ्या वसूल केल्या.

पुढच्या आठवड्यात मुलाला किंचित ताप आला आणि गेला. नर्सबाई सांगतात, तापापेक्षा बापाचे फोन अधिक होते.

धुळवडीला मी तांड्यावर पोचलो, तेव्हा पळस फुलून संपायला आला होता आणि ढोल सुरू झाला होता. लेंगी म्हणजे होळीची गाणी. पुरुष एका ओळीत, बायका समोरच्या ओळीत, आणि दोन्हीकडून टोमणे. अर्थ मला कळत नाही. कळत नाही तेच बरे, असे नायक म्हणतो.

मग ढोल थांबला आणि सून बाहेर आली. स्वतःच्या पायांनी, उंबरा ओलांडून, सगळ्या तांड्यासमोर. बायकांनी आनंदाने एकच ओरड केली. पुतण्या बाजेवर बसला होता. अंघोळ केलेला, नवा सदरा, आणि ट्रकच्या परवान्याची परीक्षा असावी तसा ताठ. तिने बाळ त्याच्या मांडीवर ठेवले. त्याची तीन मुले त्याच्या पायांशी टेकून बसली. कोणी त्यांना दूर सारले नाही.

काठी आडवी धरली गेली. काठ्या पडू लागल्या, टक् टक्, आणि गाणे चढत गेले. बाळाने आधी वर पाहिले, मग पुतण्याची मिशी पकडली आणि गाणे संपेपर्यंत सोडली नाही. ते रडले नाही, झोपलेही नाही. ते हसत होते. पुतण्या डोळे पुसत म्हणाला, "गुलाल गेला." गुलाल अजून पोत्यातच होता.

हे सर्व मी दुरून पाहिले. त्या सकाळी मला खोकला होता, म्हणून मी मैदानाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली उभा होतो. नायकाने हाक मारली.

"सायेब! इतक्या दूर काहून? तुमची खुर्ची इकडे हाय!"

"मला खोकला आहे."

"मंग?"

"बाळ लहान आहे."

नायक कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सगळा तांडा ऐकत होता. "कायदा हाय का तसा?"

"नाही," मी म्हणालो.

तो इतका हसला, की ढोलवाला हसला, मग पुतण्या, मग सगळेच. सुनेने बाळाला मांडीवरून उचलले आणि दोन्ही हातांनी उंच धरले. आरशांची टोपी उन्हात चमकली.

"बाबा, तिथूनच पाहा!" ती ओरडली.

मी पाहिले. मी हातही वर केला, असे लोक म्हणतात. तेवढ्यात पाठीवर सपकन काठी बसली. तांड्यातल्या बायका होळीला पुरुषांना काठ्यांनी झोडपतात आणि फाग, म्हणजे होळीची बक्षिसी, मागतात; मोहामागून तीन-चारजणी आल्या होत्या आणि त्यांच्या पुढे ती लिमलेटवाली आजी होती. खोकला असलेल्याला मारू नये, असा नियम तांड्यात नाही. मी तसे निदर्शनास आणून दिले. 'तथापि' म्हणेपर्यंत दुसरी काठी बसली.

सदऱ्यावरचा हिरवा रंग मला नंतर दिसला. मी मोहाभोवती नाचलो, हे नायकाचे म्हणणे आहे. मला फिरवण्यात आले, हे माझे म्हणणे आहे. त्या संध्याकाळी पत्नीने सदरा उतरवून घेतला, त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बाळ कसे आहे?"

"हसते," मी म्हणालो.

तिने सदरा फडक्यांत टाकला नाही. बादलीत भिजवला.